खुंट्यांना फुटलेली पानं

मळ्याच्या तारेच्या आत पाऊल टाकायला मामांना बंदी होऊन वर्ष उलटून गेलं होतं. ती बंदी आज उठणार की कायमची होणार, हे टेबलावरच्या छोट्या नळ्यांवर ठरणार होतं.

टेबल पॅकिंग शेडमधलं होतं. एरवी त्यावर कसाव्याच्या कांड्या मोजून मोळ्या बांधायच्या. आज ते ओल्या फडक्याने पुसून रिकामं केलं होतं आणि तपासणीच्या मॅडमनी त्यावर आपलं यंत्र मांडलं होतं. डब्याएवढं यंत्र, त्यात करंगळीपेक्षा बारीक नळ्या, आणि नळ्यांत गुलाबी पाणी.

"पानाचा रस यात टाकलाय," मॅडम म्हणाल्या. "थोडं गरम होऊ द्यायचं. पाणी गुलाबीच राहिलं तर झाड निरोगी. पिवळं झालं तर पानात विषाणू आहे."

"आमच्याकडे पिवळं म्हणजे वाईट, हे पाण्यालाही कळलं म्हणायचं," टिल्लू म्हणाला. टिल्लू सहा फुटी होता. लहानपणचं नाव चिकटलं ते चिकटलंच. बेण्याच्या मोळ्या गाडीतून गावोगाव पोचवणं त्याच्याकडे होतं. त्याच्या बोलण्यावर आज कोणी हसलं नाही.

त्याची थोरली बहीण, जिला सगळेच ताई म्हणत, वयाने दुप्पट असलेले मामासुद्धा, ती यंत्राकडे न बघता बाहेरच्या मळ्याकडे बघत उभी होती.

हा मळा बेण्याचा होता. कसावा, म्हणजे ज्याच्या कंदापासून साबुदाणा होतो तो, बी पेरून सहसा लावत नाहीत. जमिनीखालचे कंद खायला काढतात आणि वरच्या खोडाचे वीतभर तुकडे करून ते पुन्हा मातीत खोचतात. त्या तुकड्यांनाच कांड्या म्हणतात. कांडीतून नवं झाड येतं, ते अगदी आईवर जातं. आई धडधाकट असेल तर लेकरं धडधाकट, आणि आईच्या अंगात रोग असेल तर तो जन्मापासूनच लेकराच्या अंगात. म्हणून बेण्याचा मळा निर्मळ लागतो. या एका मळ्यातून आसपासच्या साऱ्या गावांना कांड्या जात.

मळ्यात दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदा काही झाडांची पानं पिवळ्या चट्ट्यांची आणि वेडीवाकडी निघाली. मोझॅक रोग. तेव्हा कांड्या तोडण्याचं काम मामांकडे होतं. ताई आणि टिल्लूची आई गेल्यावर या तिच्या भावानेच दोघांना वाढवलं होतं, आणि मळाही त्यांनीच उभा केला होता. कांडी तोडावी तर मामांनी, एका घावात, साल न फाटता. पण बेणं घेणाऱ्यांच्या बैठकीत कोणीतरी म्हणालं, "एकाच कोयत्याने आजारी झाड तोडायचं आणि त्यानेच चांगलं. मग काय होणार?" सगळ्यांना ते पटलं. ताईलाही पटलं. तिने मन घट्ट केलं आणि मामांचं तारेच्या आत येणं बंद केलं.

 मामांनी कोयता धुतला, शेडच्या खिळ्याला टांगला आणि फाटकाजवळच्या झाडाखाली बाकड्यावर जाऊन बसले. तेव्हापासून ते तिथेच बसत.

यंदाच्या साऱ्या कांड्या दुसऱ्यांनी तोडल्या होत्या, नव्या कोयत्यांनी. मामांचा हात एकाही कांडीला लागला नव्हता. तरी पानं पुन्हा पिवळी दिसत होती, मागच्या वर्षीपेक्षा जास्त. ताई म्हणायची, खत कमी पडलंय. खत कमी पडलं तरी पान पिवळं पडतं, हे खरंच आहे. म्हणून मॅडमना बोलावलं होतं.

आता गोष्ट अशी होती. पाणी गुलाबी राहिलं तर मळा वाचणार, आणि मामांचा हात बाजूला झाल्यामुळेच तो वाचला असं सगळे म्हणणार. पाणी पिवळं झालं तर मामा सुटणार, पण मळा जाणार. बाकड्यावर बसून मामांनी काय मागावं, हे त्यांनाच कळत नव्हतं. ते उगाच गुडघ्यावरची माती झटकत होते. माती नव्हतीच.

"मामा, चहा गार होतोय," टिल्लू शेडमधून म्हणाला.

"होऊ दे. मी पण होतोय."

यंत्र वाजलं. मॅडमनी झाकण उघडलं आणि नळ्या उजेडात धरल्या. एक पिवळी, दुसरी पिवळी, तिसरी पिवळी. चौथीत मॅडमनी त्यांच्या प्रयोगशाळेतल्या निरोगी झाडाचा रस घातला होता. ती तेवढी गुलाबी राहिली.

ताईने हात पुढे केला, नळी घ्यायला, आणि तसाच मागे घेतला.

"खत नव्हे," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "मोझॅकच आहे. सगळीकडून पानं घेतली होती मी. यंदा इथली एकही कांडी विकता यायची नाही ताई. मळा काढावा लागेल."

"सगळा?"

"सगळा."

ताई मटकन मोळ्यांच्या ढिगावर बसली. टिल्लूने दोन्ही हात खिशात घातले, काढले, पुन्हा घातले. फाटकाजवळ मामा उठून उभे राहिले होते.

मग टिल्लू म्हणाला, "पण मग कोयता? कोयता तर नवा होता."

"कोयत्याचं काय?"

त्याने मामांची सगळी हकिगत सांगितली. मॅडम ऐकत गेल्या तशा त्यांच्या भुवया वर जात राहिल्या. "अहो, हा रोग कोयत्याने पसरतो असं आम्हाला कुठे आढळलेलं नाही. तो दोनच वाटांनी येतो. एक, आजारी झाडाची कांडी लावली तर. आणि दुसरी, पांढरी माशी. ती आजारी पानाचा रस पिते, उडून चांगल्या पानावर बसते, पुन्हा पिते आणि रोग सोडून जाते. कोणी सांगितलं तुम्हाला कोयत्याचं?"

कोणी सांगितलं होतं, ते आता कोणालाच आठवेना. बैठकीत कोणीतरी म्हणालं होतं, एवढंच.

ताई उठली. फाटकापर्यंत चालत गेली. मामांसमोर उभं राहून तिने बोलायला तोंड उघडलं, पण शब्द आले ते भलतेच. "मामा, तुझा चहा राहिला."

"राहू दे गं."

"चल आत," ती म्हणाली. "कुठून येतंय ते मॅडम शोधणार आहेत. तुझ्याइतका मळा कोणाला माहीत नाही."

मामांनी चपला काढल्या. मळ्यात ते अनवाणी जात. तारेच्या आत पहिलं पाऊल टाकताना ते क्षणभर थांबले, जसं पाण्याचा गारवा बघायला माणूस थांबतो, आणि मग चालायला लागले. टिल्लू मागून म्हणाला, "मॅडम, बघून घ्या. सासरहून माहेरी आलेली लेक अशीच चालते." मामा हसले. वर्षभराने हसले. "गप रे, लांबड्या," ते म्हणाले. मळा जाणार होता, तरी त्या एवढ्या वाटेपुरता सगळ्यांचा जीव हलका झाला होता.

मॅडम ओळींमधून वाकून चालत होत्या. पान उलटं करत, माशी बघत, पुढे जात. "रोगी झाडं विखुरलेली नाहीत," त्या म्हणाल्या. "घोळक्याने आहेत. इथे एक घोळका, तिथे एक. आणि प्रत्येक घोळक्यात मध्ये ही खुंटी दिसतेय. ही कसली खूण?"

"ती होय," मामा पुढे झाले. आवाजात थोडा अभिमान होता. "रोगी झाड उपटलं की त्या जागी खुंटी ठोकायची, वर लाल चिंधी बांधायची. म्हणजे त्या वर्षी तिथे पुन्हा कांडी कोणी लावत नाही. आधी बांबूच्या कामट्या होत्या. पण त्यांना वाळवी लागायची, कामटी पडायची, जागा हरवायची. गेल्या वर्षापासून मला बाहेर दुसरं काम नव्हतं. म्हटलं, खुंट्या तरी नीट करून द्याव्यात. या ओल्या लाकडाच्या आहेत. वाळवी शिवत नाही. आणि पाहा ना, मूळ धरतातही."

ते चालता चालता वाकले आणि एक कललेली खुंटी सवयीने सरळ केली. तिला पानं फुटली होती. हाताच्या पंजासारखी, चांगली टपोरी, हिरवी पानं. लाल चिंधी त्यांच्यात अर्धी झाकून गेली होती. खुंटी कसली, गुडघाभर झाड झालं होतं ते.

मॅडमनी एक पान उलटं केलं. खालून पिठाच्या कणांसारख्या माश्या उडाल्या आणि पुन्हा बसल्या.

"हे लाकूड कुठलं?"

"आपल्या फाटकाजवळच्या झाडाचं. रानकसावा. माझ्या बहिणीने सावलीला लावलेलं."

 मॅडमनी खुंटीचं पान खुडून पिशवीत टाकलं. आणखी दोन खुंट्यांची पानं घेतली. मग फाटकापाशी जाऊन त्या मोठ्या झाडाचं एक पान तोडलं. झाडाच्या सावलीत त्यांची गाडी उभी होती. पान हातात धरून त्यांनी गाडीकडे पाहिलं, झाडाकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"दर वेळी मी इथेच गाडी लावते," त्या म्हणाल्या.

शेडमध्ये पुन्हा गुलाबी नळ्या मांडल्या गेल्या. या वेळी मामाही आत होते, टेबलाशी. वाट बघताना मॅडम बोलत राहिल्या, बहुधा शांतता नको म्हणून. "विषाणू फक्त पिकातच राहतो असं नाही. पीक काढलं तरी तो कुठेतरी दबा धरून बसतो. रानातल्या झाडांत, कुंपणात. मोगली एरंडात सापडलाय, साध्या एरंडात, सुबाभळीत, उकिरड्यावरच्या कासविंद्यात. रानकसावा तर कसाव्याचा सख्खा चुलत भाऊ. कधी कधी त्याच्या पानावर खूणच दिसत नाही. झाड आपलं खुशाल वाढतं."

"मागच्या खेपेला तुम्ही म्हणालात, म्हणून तारेबाहेरचा सगळा एरंड मीच उपटला," मामा म्हणाले. "कासविंदाही. एक रोप ठेवलं नाही."

"हे झाड राहिलं."

"ते रानातलं नाही ना," मामा म्हणाले. "ते घरचं."

यंत्र वाजलं.

खुंट्यांच्या तिन्ही नळ्या पिवळ्या झाल्या होत्या. झाडाची नळीही पिवळी. मॅडमनी त्या टेबलावर ओळीने ठेवल्या आणि हात पुसत राहिल्या.

आधी कोणाला काही उमगलं नाही. खरं तर उमगलं होतं, पण ते मान्य करायला मन तयार नव्हतं. टिल्लू बोटाने हवेत काहीतरी जुळवत होता. "म्हणजे... एक रोगी झाड उपटायचं. आणि त्या जागी..." 

त्या जागी खुंटी. रोगी लाकडाची, जिवंत, पानं फुटणारी. माश्या तिच्यावर बसायच्या आणि शेजारच्या झाडांवर जायच्या. शेजारची झाडं पिवळी पडायची. ती उपटायची, आणि प्रत्येकाच्या जागी पुन्हा खुंटी. रोग खुंट्यांभोवतीच आहे हे सगळ्यांना दिसत होतं. खुंटी रोगाच्या जागीच असते, मग त्यात नवल ते काय, असंच प्रत्येकाला वाटत आलं होतं.

मामांनी टेबलाची कड धरली.  मग ते म्हणाले, "कोयता नव्हताच. हात मात्र माझेच."

"मामा," ताई म्हणाली.

"सुरुवातीला दोन-चारच झाडं होती. तू मला बाहेर बसवलंस. बाहेर बसलो म्हणून खुंट्या केल्या. मन लावून केल्या." ते ताईकडे बघत होते, पण आरोप करत नव्हते. हिशेब लावताना माणूस जसा समोरच्याकडे बघतो, तसं.

 ताईला वाटलं, आपणच त्यांना त्या झाडाखाली नेऊन बसवलं. दुसरीकडे कुठेही बसवता आलं असतं. विहिरीपाशी, शेडमागे. तिने सावली बघून तिथे बाकडं ठेवायला लावलं होतं.

"ताई," टिल्लू म्हणाला. त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. "मोळ्या."

"मोळ्यांचं काय?"

"मोळीबरोबर खुंट्या जायच्या. दर मोळीला एक जुडी. मामा बांधून द्यायचा. मीच लोकांना म्हणायचो, घ्या, घरचा अहेर आहे, फुकट. लोक आवडीने घ्यायचे." तो भिंतीला टेकला. "सगळीकडे गेल्यात. जिथे जिथे कांड्या गेल्या, तिथे तिथे."

मॅडमनी डोळे मिटले. शेडबाहेर त्या झाडाची पानं सळसळत होती. इतक्या वर्षांत कोणी त्या आवाजाकडे लक्ष दिलं नव्हतं.

"आपण त्यांना निर्मळ बेणं देतो," ताई स्वतःशीच म्हणाली, "आणि वर..."

मामा दाराकडे वळले. टिल्लूला वाटलं ते पुन्हा बाकड्याकडे चाललेत. "मामा, कुठे?"

"गाडी काढ," मामा म्हणाले. "जवळचं शेत आधी."

"मी जाऊन सांगते," ताई म्हणाली. "तू बस इथे. तुला नाही झेपायचं."

"बसूनच हे झालं, ताई."

गाडीत तिघं दाटीने बसले. मॅडम मागून आपल्या गाडीने निघाल्या.  मामा खिडकीतून दोन्ही बाजूंची कुंपणं बघत होते. एरवी या रस्त्याने जाताना ते कोणाचं पीक कसं आलंय यावर बोलायचे. आज त्यांची नजर पिकावर नव्हतीच, बांधांवर होती. रस्त्याकडेला एरंड होता. पुढे एका घरामागे मोगली एरंडाची रांग होती. मामा प्रत्येकाकडे असे बघत होते, जणू इतके दिवस ओळखीचे वाटणारे चेहरे आता ओळखू येत नव्हते.

पहिलं शेत एका विधवा बाईंचं होतं. त्यांना सगळे काकू म्हणत. गाडीचा आवाज ऐकून त्या हात पुसत बाहेर आल्या आणि मामांना बघून त्यांचा चेहरा फुलला.

"अगं बाई, आज मामा आलेत. किती महिन्यांनी. मी टिल्लूला विचारायची, मामा का येत नाहीत, तर म्हणायचा, मामा आता साहेब झालेत, फाटकाशी खुर्ची टाकून बसतात."

"बाकडं होतं, काकू," मामा म्हणाले.

"काही असो. बरं झालं आलात. या, तुम्हाला दाखवायचंच होतं." काकू पुढे निघाल्यासुद्धा. घराला वळसा घालून त्या मागच्या बाजूला थांबल्या. "हे बघा. तुमची करामत."

शेताच्या तिन्ही बाजूंनी हिरवंगार कुंपण उभं होतं. माणसाच्या खांद्याला लागेल इतकं उंच, दाट, पंजासारख्या पानांचं. कोंबडीसुद्धा आत शिरली नसती.

"तुम्ही दिलेल्या जुडीतली एक खुंटी लावली, तर आठवड्यात कोंब. मग काय, तिच्याच फांद्या तोडून आणखी लावल्या. त्यांच्या तोडून आणखी. एक पैसा खर्च नाही. शेजारच्यांनीही नेल्या. परवा माझा जावई गाडीभर घेऊन गेला, त्यांच्या गावाला."

ताईने टिल्लूचा दंड धरला. मॅडम आपल्या गाडीतून उतरत होत्या, त्या दार अर्धं उघडं धरून तशाच उभ्या राहिल्या.

कुंपणाच्या आत कसावा होता. कडेच्या झाडांची पानं आखडली होती, चट्टेच चट्टे. मधली अजून बरी दिसत होती.

"यंदा पानं जरा पिवळी पडलीत," काकू त्यांची नजर बघून म्हणाल्या. "टिल्लू म्हणाला, खत कमी पडलं असेल. मग मी आणखी घातलं."

टिल्लूने मान खाली घातली. ते वाक्य ताईचं होतं, आणि त्याने ते गावोगाव पोचवलं होतं, मोळ्यांबरोबरच.

ताई पुढे झाली. "काकू, मला तुम्हाला एक..."

मामांनी हात आडवा केला. ते कुंपणापाशी गेले. फांदीला हात लावला, तशा पानांखालून असंख्य पांढऱ्या माश्या उठल्या. कोणी पीठ झटकावं तशा. त्या मामांच्या बाहीवर बसल्या, केसांवर बसल्या, आणि मग हळूहळू आपापल्या पानाखाली परतल्या. काही परतल्या नाहीत. त्या कसाव्याकडे गेल्या. मामा त्यांच्याकडे बघत राहिले, त्या दिसेनाशा होईपर्यंत.

"आवडलं ना कुंपण?" काकूंनी विचारलं. त्यांच्या आवाजात किंचित शंका आली होती. कोणीच हसत कसं नाही, हे त्यांच्या ध्यानात येत होतं.

"काकू," मामा म्हणाले, "छान केलंत तुम्ही. तुमची काही चूक नाही." ते थांबले. "हे सगळं आजारी आहे. आणि ते मी दिलंय."

काकूंनी कुंपणाकडे पाहिलं. हिरवं, टवटवीत, उन्हात चमकणारं. मग मामांकडे पाहिलं, माणसाला बरं नाही का, अशा नजरेने. "आजारी? हे?"

"हो."

"अहो, पण याच्यावर तर एकही डाग नाही."

 मॅडम काहीतरी समजावायला पुढे आल्या, पण काकू त्यांच्याकडे बघत नव्हत्या. त्या एकेका झाडावरून नजर फिरवत होत्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि मग त्यांचा हात आपोआप तोंडाशी गेला. "जावई," त्या म्हणाल्या. "गाडीभर."

मामांनी कोपऱ्यातल्या पहिल्या खोडाला दोन्ही हातांनी धरलं आणि ओढलं. ते हललं नाही. मुळं खोल गेली होती. ताई त्यांच्या शेजारी येऊन वाकली, तिनेही धरलं. खोड थोडं हललं, माती भेगाळली, आणि ते पुन्हा घट्ट बसलं.

"टिल्लू," मामा धापा टाकत म्हणाले, "गाडीतून कुदळ आण. आणि काकूंकडून जावयाच्या गावाची वाट विचारून घे."